एकदाही न रडलेले मूल

गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझी तीन वर्षांची मुलगी घसरगुंडीवरून उतरताना तोंडावर पडली. मी तिच्यापासून तीन पावलांवर उभा होतो आणि तिची आई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मुलगी उठली, तिने माझ्याकडे एकदा पाहिले, ओठ घट्ट मिटले आणि मी पुढे केलेल्या हातांना वळसा घालून ती मैदान ओलांडत आईकडे धावली. आईच्या गुडघ्यांना मिठी मारल्यावरच तिने भोकाड पसरले. त्या पन्नास-साठ पावलांत तिने रडू कुठे दाबून ठेवले होते, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. आणि खरे सांगायचे तर त्याहून जास्त बोचत होते ते हे, की ते रडू माझ्यापाशी का फुटले नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक उत्तर तयार असते: आई ती आईच. हे उत्तर बापाला फार सोयीचे आहे, कारण ते मान्य केले की त्याला काहीच करायचे उरत नाही. मीही बरेच दिवस ते मान्य केले होते. त्या रात्रीनंतर मात्र मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि पहिला धक्का मला ग्लासगोतल्या एका जुन्या अभ्यासाने दिला. रुडॉल्फ शाफर आणि पेगी इमर्सन या दोघांनी ६० बाळांच्या घरी जाऊन, पहिल्या वर्षात जवळजवळ दर महिन्याला, एक साधी गोष्ट नोंदवली होती: कोण खोलीतून निघून गेले की बाळ रडते? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीड वर्षाची होईपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश बाळे बाप निघून गेल्यावरही रडू लागली होती. शिवाय बाळाचा सर्वांत घट्ट बंध दिवसभर त्याला भरवणाऱ्या आणि त्याचे लंगोट बदलणाऱ्या व्यक्तीशीच असतो, असेही दिसले नाही. बाळाने साद घातली की जो चटकन प्रतिसाद देतो आणि त्याच्याशी खेळतो-बोलतो, त्याच्याकडे ते ओढले जात होते. पुढे मायकेल लँब यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामातूनही हेच पुढे आले, की बाळ आई आणि वडील या दोघांशी साधारण एकाच काळात बांधले जाते.

म्हणजे माझ्या मुलीने मला ओलांडून जाणे हा निसर्गनियम नव्हता. तो तिच्या तीन वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता.

मेरी मेन आणि डोना वेस्टन यांनी १९८१ सालच्या अभ्यासात काही मुलांना एकदा आईबरोबर आणि काही महिन्यांच्या अंतराने वडिलांबरोबर ताटातूट-भेटीच्या एकाच प्रकारच्या प्रसंगातून नेले, तेव्हा असे दिसले की एकाशी असलेल्या बंधावरून दुसऱ्याशी असलेल्या बंधाचा अंदाज बांधता येत नाही. आईपाशी निर्धास्त असणारे मूल वडिलांपाशी सावध असू शकते आणि याच्या उलटही घडू शकते. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाच्या वागण्याबद्दल आपण बोलतो ते त्याच्या उंचीबद्दल किंवा डोळ्यांच्या रंगाबद्दल बोलावे तसे. मूल ‘हट्टी आहे’, ‘समजूतदार आहे’, ‘रडके आहे’ असे आपण म्हणतो, पण ते कोणासमोर हट्टी आहे आणि कोणापाशी समजूतदार, हे विचारत नाही. मुलाचे वागणे पत्रासारखे असते आणि प्रत्येक पत्रावर कोणाचा तरी पत्ता असतो.

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मेरी एन्सवर्थ यांचा. त्यांनी आधी १९५४-५५ मध्ये युगांडात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोर इथे घरोघरी जाऊन आई-बाळांचे निरीक्षण केले होते. बाल्टिमोरला तर प्रत्येक घरी वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, चार-चार तास. त्यानंतर मुले वर्षाची झाल्यावर त्यांना एका अनोळखी खोलीत आणले जाई. खेळणी मांडलेली असत, एक परकी बाई येई, आई बाहेर जाई, परत येई, पुन्हा जाई, पुन्हा येई. सगळे मिळून वीसेक मिनिटांचे नाट्य. आई गेल्यावर मूल रडते का, यावर सगळा भर असेल असे आपल्याला वाटते. एन्सवर्थ यांचे लक्ष मात्र आई परतल्यावर मूल काय करते याकडे होते. बहुसंख्य मुले आईकडे धाव घेत, तिला बिलगत, थोड्या वेळाने शांत होत आणि पुन्हा खेळण्यांकडे वळत. काही मुले बिलगतही आणि रागाने हातपायही झाडत, त्यांची समजूतच निघत नसे. आणि काही मुले आई आली तरी मान वर करून पाहत नसत. ती ठोकळे रचत राहत.

ही तिसऱ्या प्रकारची मुले आपल्या घरी पाहुणे म्हणून आली, तर आपण त्यांचे तोंड भरून कौतुक करू. किती शहाणे मूल, आई गेली तरी हू की चू केले नाही! पण पुढे संशोधकांनी अशा प्रसंगात मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ठोकळे रचणाऱ्या या मुलांची छातीही रडणाऱ्यांइतकीच धडधडत होती. घाबरणे तेवढेच होते, ते दाखवण्यात अर्थ नाही हे मात्र त्यांनी वर्षभरात ताडले होते. बाल्टिमोरच्या घरांमधल्या नोंदी पाहिल्या तेव्हा या मुलांच्या आया, मूल जवळ येऊ पाहत असताना, बहुतेकदा त्याला दूर सारताना दिसल्या होत्या. उलट ज्या बाळांच्या रडण्याला पहिल्या काही महिन्यांत लवकर प्रतिसाद मिळत गेला, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती, असे सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ साली मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि बक्षीस-शिक्षेतून सवयी घडतात असे मानणाऱ्या वर्तनवादी मंडळींना तो निष्कर्ष पटला नाही. पण ‘उचलून घेतले की सवय लागते’ हे वाक्य मी तेव्हापासून तोंडातून काढलेले नाही.

ठोकळे रचणाऱ्या मुलांवर मी इतका रेंगाळलो, याला कारण आहे.

मी चार वर्षांचा असताना एका शस्त्रक्रियेसाठी अकरा दिवस रुग्णालयात होतो. त्या काळी मुलांच्या कक्षात आईवडिलांना संध्याकाळी तासभरच सोडत. आमच्या घरात ती गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते आणि तिचा शेवट ठरलेला आहे: ‘एकदाही रडला नाही हो!’ मीसुद्धा ती गोष्ट कैकदा, स्वतःच्या धीटपणाचा पुरावा म्हणून, सांगितली आहे. मग जेम्स रॉबर्टसन यांच्याविषयी वाचण्यात आले. त्यांनी लंडनमधल्या रुग्णालयांत एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले होते आणि १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या वास्तव्याचे, हातातल्या कॅमेऱ्याने, आवाजाविना चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखवले होते. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वागण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी आक्रोश, मग खिन्नता आणि शेवटी अलिप्तता. तिसऱ्या टप्प्यातले मूल खाते, खेळते, परिचारिकांकडे पाहून हसते, आणि आई भेटायला आली की तिच्याकडे जेमतेम लक्ष देते. रुग्णालयातली मंडळी याला ‘रुळले’ म्हणत. रॉबर्टसन यांचे म्हणणे होते की ते रुळलेले नाही, त्याने आशा सोडली आहे. पुढे १९५९ साली ब्रिटनमध्ये एका सरकारी समितीने, मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नसावे आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहू द्यावे, अशी शिफारस केली, तीत या कामाचा मोठा वाटा होता.

हे वाचल्यावर मी आईला विचारले. ती आता सत्तरी ओलांडलेली आहे. मी म्हणालो, ‘आई, मी खरंच एकदाही रडलो नव्हतो का गं?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पहिले दोन दिवस माझं बोट सोडत नव्हतास. नर्सनं सोडवलं. तिसऱ्या दिवशी मी आले, तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी हाक मारली तरी वळला नाहीस. त्यानंतर नाही रडलास. मी जिन्यात बसून रडायची, तुझे बाबा यायचे खाली शोधत.’ चाळीस वर्षांत हा भाग गोष्टीत एकदाही आला नव्हता. त्यात तिचा दोष नव्हता आणि बाबांचाही नव्हता. दाराशी घड्याळ लावून उभ्या असलेल्या नियमाचा होता. पण गोष्ट मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून बदलली होती आणि तिच्यात माझे गुण काय हेही ठरवून टाकले होते.

याच जॉन बोल्बींबद्दल इथे थोडे कडवट बोलणे भाग आहे. त्यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांविषयी लिहिले. त्यांतल्या १४ मुलांना कोणाविषयी काहीच वाटत नाही असे त्यांना आढळले होते, आणि त्या १४ पैकी १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. मुलांची तपासणीही त्यांनीच केली आणि निष्कर्षही त्यांनीच काढला, ही त्या अभ्यासातली उणीव पुढे अनेकांनी दाखवली. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी लिहिलेल्या अहवालाचा प्रभाव प्रचंड होता, परंतु त्यात बाप जवळजवळ अदृश्य आहे. तो आईला पैशाचा आणि मनाचा आधार देणारा, पडद्यामागचा माणूस आहे. मुलाचे काही बिघडले की बोट आईकडे वळवण्याची खोड जगभर आधीपासून होतीच, या मांडणीने तिला शास्त्राचा शिक्का मिळाला. नोकरी करणाऱ्या किती बायकांनी त्या शिक्क्याचे ओझे वाहिले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

बापाच्या वाट्याचे काम नेमके कोणते, यावर मला सर्वांत उपयोगी वाटले ते जर्मनीतल्या कारिन आणि क्लाउस ग्रोसमन यांचे संशोधन. त्यांनी काही कुटुंबांचा मुले जन्मल्यापासून ती मोठी होईपर्यंत माग घेतला. दोन वर्षांच्या मुलाशी वडील कसे खेळतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले: मुलाला जमेल त्याच्या किंचित पुढचे आव्हान देतात का, त्याला अडले की मदत करतात की हातातून काढून घेऊन स्वतः करतात, मूल वैतागले तर थांबतात का. खेळातली वडिलांची ही समज आणि मूल दहा व सोळा वर्षांचे झाल्यावर नात्यांविषयी कसा विचार करते, यांचा संबंध दिसून आला. म्हणजे जवळ घेणे हा बंधाचा एक हात, आणि ‘जा, चढ, मी खाली आहे’ असे म्हणणे हा दुसरा.

हे वाचून मला आधी बरे वाटले, कारण मी मुलीशी खेळत असे, पुष्कळ खेळत असे. मग मी स्वतःला खेळताना पाहू लागलो. तिला उंच उडवताना ती ‘पुरे’ म्हणाली की मी ‘आणखी एकदाच’ म्हणायचो. ती घाबरली की चिडवायचो. ती पडली की माझ्या तोंडून निघणारे पहिले वाक्य, दर वेळी, जवळजवळ प्रतिक्षिप्त क्रियेसारखे, एकच असे: ‘काही नाही झालं, ऊठ!’ आपण सगळे हे म्हणतो आणि चांगल्या हेतूने म्हणतो. पण गुडघा खरचटलेल्या मुलाच्या बाजूने ते ऐकून पाहा. त्याला तर काहीतरी झालेले आहे. समोरचा मोठा माणूस ते नाकारतो आहे, म्हणजे हा माल या दुकानात घेत नाहीत. माझी मुलगी हुशार आहे. तिने दुकान बदलले होते.

आता वागण्याच्या दुसऱ्या टोकाकडे येतो. मी वर जे लिहिले त्यावरून मुलाला कशालाच अडवायचे नाही असा अर्थ कोणी काढेल, आणि तो चुकीचा ठरेल. माझ्या एका नातलगाच्या घरी रोज संध्याकाळी घडणारा प्रसंग सांगतो. वडील म्हणतात, ‘फोन ठेव.’ सात वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘दोनच मिनिटं.’ ‘आत्ता ठेव म्हणतो ना!’ मुलगा किंचाळतो, उशी भिरकावतो. वडील थकून म्हणतात, ‘बरं, घे, पण हे शेवटचं.’ क्षणात शांतता. अमेरिकेतल्या ऑरेगन इथे जेराल्ड पॅटरसन यांनी असेच प्रसंग घराघरांत बसून, क्षणाक्षणाच्या नोंदी करत पाहिले आणि त्यातला सापळा उलगडून दाखवला. मुलगा शिकला की किंचाळले की आज्ञा थांबते. वडील शिकले की माघार घेतली की किंचाळणे थांबते. दोघांनाही ताबडतोब बक्षीस मिळाले, म्हणून उद्या दोघेही हेच करणार, थोड्या वरच्या पट्टीत. यात मुलगाही वाईट नाही आणि बापही नाही. दोघे मिळून रोज एक गोष्ट पाठ करत आहेत, एवढेच.

तो सापळा नुसत्या कडक शिस्तीने सुटत नाही, याचे कारण ग्राझिना कोचान्स्का यांच्या प्रयोगांत सापडते. त्यांनी आज्ञापालनाचे दोन प्रकार वेगळे केले: समोर कोणी उभे आहे म्हणून ऐकणे आणि मनापासून ऐकणे. आई मुलाला आकर्षक खेळण्यांपाशी ठेवून ‘यांना हात लावायचा नाही’ असे सांगते आणि बाहेर जाते. समोर असताना दोन्ही प्रकारची मुले सारखीच गुणी दिसतात. दार बंद झाल्यावर फरक कळतो. मनापासून ऐकणारी मुले एकटी असतानाही स्वतःला जास्त आवरतात, काही तर स्वतःशीच ‘हात नाही लावायचा’ असे पुटपुटतात. आणि हे मनापासून ऐकणे जिथे आई किंवा वडील आणि मूल एकमेकांच्या म्हणण्याला दाद देत आलेले असतात, त्या घरांत अधिक आढळते. ज्याचे आपण ऐकले, ते आपले ऐकते. धाकाने मिळालेली शांतता दारापाशी संपते, हे शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला कुठलाही प्रयोग न करता ठाऊक असते.

अर्थात सगळे काही या बंधावर लादणेही बरोबर नाही. काही मुले जन्मतःच लवकर बिथरतात, काही नव्या माणसासमोर बराच वेळ घेतात. हा स्वभावाचा भाग आहे आणि दोन भावंडांच्या आईवडिलांना तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. २०१० साली सुमारे सहा हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा आईशी असुरक्षित बंध (म्हणजे तिच्यापाशी मूल निर्धास्त नसणे) आणि मारामारी-आक्रस्ताळेपणासारखे वागणे यांचा संबंध निश्चित दिसला, पण तो मध्यम स्वरूपाचा होता. म्हणजे पहिल्या वर्षाच्या कुंडलीवरून दहाव्या वर्षाचे मूल वाचता येत नाही. आणि झालेले नुकसान भरूनही निघते. रुमानियात अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत ठेवण्यात आले, तेव्हा कुटुंबांत गेलेल्या मुलांमध्ये, विशेषतः जी लवकर गेली त्यांच्यामध्ये, विश्वासाचा बंध नव्याने रुजलेला आढळला.

मला स्वतःला खरा दिलासा मिळाला तो एड ट्रॉनिक यांच्या कामातून. आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला की तान्हे बाळ कसे कासावीस होते, हा त्यांचा १९७८ चा प्रयोग अनेकांना माहीत असेल. त्यांचे दुसरे निरीक्षण मात्र कमी सांगितले जाते: चांगल्या चाललेल्या आई-बाळांच्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ थोडाच असतो. बाकी वेळ एक इकडे पाहते आणि दुसरे तिकडे, आणि मग ती पुन्हा जुळवून घेतात. हे पुन्हा जुळवणेच बाळ शिकत असते. म्हणजे चुकायला परवानगी आहे, परत यायला मात्र हवे.

मी परत यायला सुरुवात केली ती रात्रीपासून. मुलगी मध्यरात्री उठली की मी जाऊ लागलो. पहिले तीन आठवडे ती अंधारात माझा आवाज ओळखून ‘तू नको, आई पाहिजे’ म्हणायची, आणि मी पलंगाच्या कडेला बसून ‘हो, आई पाहिजे तुला’ एवढेच म्हणायचो. विनोद नाही, खेळणे नाही, ‘ते बघ चांदोबा’ नाही. हे फार कठीण होते. तिचे रडणे थांबवण्याची घाई तिला नव्हती, मला होती. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेला तो चार वर्षांचा मुलगा, मला वाटते, त्या वेळी माझ्याच आत अस्वस्थ होत होता. दिवसा मी ‘काही नाही झालं’ ऐवजी ‘कुठे लागलं, दाखव’ म्हणायला शिकलो. कधी विसरायचो. एकदा तीच म्हणाली, ‘बाबा, विचार ना कुठे लागलं!’

गेल्या आठवड्यात बालवाडीतून तिला आणायला मी गेलो होतो. बाई म्हणाल्या, ‘दिवसभर अगदी गुणी होती हो, कसला म्हणून त्रास नाही.’ फाटकाबाहेर आल्यावर मी तिच्या सँडलचा पट्टा लावला. तो घट्ट झाला होता. मग सैल झाला. मग ‘तसा नाही!’ असे म्हणून तिने सँडल काढून फेकला, पायरीवर बसकण मारली आणि येणारे-जाणारे थबकून पाहतील इतक्या मोठ्याने, मनसोक्त रडायला लागली. बाईंनी दारातून चमकून माझ्याकडे पाहिले. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. तिने थोडा वेळ रस्त्याकडे पाहत रडून घेतले, मग तोंड माझ्याकडे वळवले आणि नाक, डोळे, गाल सगळे माझ्या सदऱ्याला पुसत, हुंदके देत, कोणी तिचा लाल खडू घेतला आणि परत दिलाच नाही, ते सुरुवातीपासून सांगू लागली.